आकृती एकोणीस, चौथी चौकट

३ फेब्रुवारी

टिंबू,

आशीर्वाद आहेतच, ते दर पत्रात नव्याने काय लिहायचे! बातमी ऐक. माझ्या टेबलावर शेवटी कॉम्प्युटर येऊन बसला.

डोळ्यांच्या दवाखान्यात एकोणीस वर्षं मी एकच काम केलं. ज्यांना बुबुळ बदलून हवंय त्यांची नावं वहीत लिहायची, आणि दानातून बुबुळ आलं की सगळ्यात जुनं नाव डॉक्टरांना कळवायचं. वही, पेन, पट्टी. निवृत्तीला दीड वर्ष राहिलं आणि आता म्हणे वही बंद, प्रोग्रॅम सुरू. पण तुझी ताई डगमगली नाही. तीन आठवडे बसून एका बोटाने एकसष्ट नावं वहीतल्या तारखांसकट भरली. मग वही आणि स्क्रीन शेजारी ठेवून एकेक नाव जुळवलं. सगळी बरोबर. काल माझ्या सहीने जुन्या चारही वह्या लगदा करायला गेल्या. गाडी फाटकातून बाहेर पडेपर्यंत मी खिडकीत उभी होते. हे कुणाला सांगू नकोस.

प्रोग्रॅमसोबत एक पुस्तिका आलीय, एकशे चाळीस पानांची. जेवण झालं की रोज थोडी वाचते. अरे, काय सांगू! स्क्रीनवर जे जे दिसतं त्या प्रत्येकाला बाण काढलाय, बाणाला नंबर दिलाय, आणि खाली तक्त्यात हे काय नि ते काय. तिसऱ्या पानावरचं एक वाक्य खास तुझ्यासाठी उतरवून घेतलं : "'बंद करा' हे बटण दाबले असता खिडकी बंद होते." तुझ्या भाऊजींना वाचून दाखवलं तर हसता हसता त्यांना ठसका लागला. म्हणाले, "आणि पाणी प्यायलं असता तहान भागते, हे कितव्या पानावर आहे?"

आत्या असताना सगळ्यांना सांगायची, माझा मुलगा ऑफिसात बसून पुस्तकं लिहितो. कसली पुस्तकं, ते तू कधी धड सांगितलं नाहीस. असली तर नाहीत ना?

तुझी ताई


११ फेब्रुवारी

ताई,

लांबून नमस्कार. जवळून केला की तू टपली मारतेस, तेव्हा लांबूनच बरा.

चार वह्या गेल्याचं वाचून वाईट वाटलं. तुझं अक्षर आपल्या शाळेतल्या गुरुजींच्या अक्षरासारखं, तेवढीच चार पुस्तकं जगातून कमी झाली. पण एकसष्ट नावं एका बोटाने भरलीस, हे वाचून हसूही आलं आणि मान खालीही गेली. माझी दहाही बोटं चालतात, पण माझ्याने तीन आठवडे एका जागी बसवलं नसतं.

माझ्या कामात सांगण्यासारखं काही नाही. ऑफिसची कागदपत्रं असतात, ती लिहितो. आईला त्याचं पुस्तक वाटायचं, वाटू दिलं.

त्या पुस्तिकेबद्दल मात्र एक म्हणावंसं वाटतं. ज्याने ते वाक्य लिहिलं तो अगदीच बावळट असेल असं नाही. समज, एखादी बाई आयुष्यात पहिल्यांदा स्क्रीनपुढे बसली आहे. समोर 'बंद करा' असं लिहिलंय. बंद म्हणजे काय काय बंद? ही खिडकी, की आतापर्यंत भरलेलं सगळं? की शेजारच्या टेबलावरचंही? तिचं बोट हवेतच राहतं. कुणाला विचारायला लाज वाटते. अशा वेळी कुणीतरी आधीच लिहून ठेवलेलं असावं, की बाई, दाब, फक्त खिडकीच बंद होते. मी शाळेत पहिल्या दिवशी दाराशी उभा होतो. आत कुठे बसायचं ते माहीत नव्हतं, आणि सगळ्यांना माहीत आहे असं वाटत होतं. तू उठून म्हणालीस, "इथे बस." हे सांगण्यासारखं होतं का? पण ते कुणी सांगितलं नसतं तर मी परत घरी गेलो असतो.

देव करो आणि त्या प्रोग्रॅमशी तुझं जमो.

टिंबू


१९ फेब्रुवारी

टिंबू,

त्या अनोळखी माणसाची केवढी ती वकिली! सख्ख्या भावाची कुणी इतकी बाजू घेणार नाही. असो. तुझं शाळेचं वाचून मी थट्टा बंद ठेवली. पाच मिनिटं.

आज पाचवं प्रकरण झालं. 'सेटिंग्ज'. त्यात एक फर्मान आहे : "सेटिंग्ज आकृती १९ मध्ये दाखवल्याप्रमाणे आहेत याची खात्री करा." मग मी पट्टी घेतली, आकृतीवर ठेवली, आणि एकेक चौकट स्क्रीनशी जुळवली. चित्रात जिथे खूण तिथे माझ्याकडे खूण, जिथे रिकामी तिथे रिकामी. गुरुजी शुद्धलेखनाची वही तपासायचे तशी. आता माझी स्क्रीन आणि ती आकृती जुळ्या बहिणी शोभतील. तुझ्या त्या पुस्तिकावाल्याला म्हणावं, एवढी आज्ञाधारक विद्यार्थिनी तुला जन्मात मिळायची नाही.

घड्याळजी परवा भेटले. तुला सांगितलं होतं बघ, दोन्ही डोळ्यांनी धूसर दिसतं, तीन वर्षांपासून यादीत आहेत. घड्याळांचं दुकान मुलीकडे दिलं. दर महिन्याच्या पहिल्या सोमवारी मुलीचा हात धरून येतात आणि एकच प्रश्न विचारतात, "ताई, माझ्यापुढे किती?" परवा रस्त्यातच विचारलं. म्हटलं, "आता कुणी नाही. पुढचं बुबुळ तुमचं." काठी काखेत धरून त्यांनी दोन्ही हात जोडले.

तुझी ताई


१७ मार्च

ताई,

महिना होत आला, तुझं पत्र नाही. फोन केला तर बंद लागतो. भाऊजींच्या फोनवर ते म्हणाले, "बरी आहे, झोपलीय." सकाळी अकरा वाजता तू झोपली आहेस, हे मी कसं मानू?

गुरुजींनी तुला शिकायला बाहेरगावी पाठवलं तेव्हा आपल्या दोघांना महिन्याला एक पत्र लावून दिलं होतं. चाळीस वर्षांत तू एकही महिना चुकवला नाहीस. आई गेली त्या दिवसांतसुद्धा तीन ओळी आल्या होत्या. तीन ओळी तरी लिही.

टिंबू


२४ मार्च

टिंबू,

तीन ओळींत मावणार नाही.

मार्चच्या पहिल्या सोमवारी घड्याळजी आले. मी यादी उघडली. नवी नावं वर असतात, जुनी तळाशी. तळाशी गेले, तर घड्याळजी नाहीत. त्यांच्या नंतरच्या शिवणकामवाल्या बाई नाहीत. नाव घालून शोधलं, "नोंद सापडली नाही." मोजलं. अडतीस नावं. एकसष्टातली तेवीस गेली होती, आणि सगळी जुनी. जे सगळ्यात जास्त थांबले होते, नेमके तेच.

घड्याळजी समोर बसलेले. म्हणाले, "ताई, आज वेळ लागतोय." मी म्हटलं, "मशीन जरा हळू चाललंय." एकोणीस वर्षांत पेशंटशी पहिल्यांदा खोटं बोलले. ते गेल्यावर उठले आणि स्वतःच जाऊन व्यवस्थापकांना सांगितलं.

कॉम्प्युटरवाला आला, त्याने खालीवर सगळं बघितलं, म्हणाला नोंदी पुसल्या गेल्यात. कुणी पुसल्या? प्रोग्रॅमला माझाच हात लागत होता. आणि वह्या? त्या कुणाच्या सहीने गेल्या? चौकशी बसली आहे. तीन माणसं टेबलापलीकडे, मी अलीकडे. "तुम्ही शेवटचं काय दाबलंत?" मी म्हटलं, आठवत नाही. "आठवून बघा." म्हटलं, आठवत नाही. त्याच दिवसापासून मला टेबलावर बसू देत नाहीत. घरी आहे. शेवटची बैठक पाच एप्रिलला.

दरम्यान दोन बुबुळं आली, टिंबू. उरलेल्या यादीतून दिली. ज्यांना मिळाली त्यांचं भलं होवो, त्यांचा काय दोष. पण त्यातलं एक घड्याळजींचं होतं.

मी रोज सकाळी स्वयंपाकघरातल्या टेबलावर कागद घेऊन बसते आणि आठवून नावं लिहिते. शिवणकामवाल्या, बेकरीतले काका, गाणं शिकवणाऱ्या बाई, ज्यांचा कुत्रा फाटकाबाहेर थांबायचा ते गृहस्थ. एकोणीस झाली. चार आठवत नाहीत. त्या चौघांचं काय करू सांग? ते घरी बसून वाट बघत असतील आणि कुठल्याच कागदावर नसतील.

कामावरून काढलं तर काढू देत. पण बाईने माणसं पुसली, असं मागे राहायला नको.

ताई


२८ मार्च

ताई,

नमस्कार नंतर. आधी हे वाच. तेवीसच्या तेवीस नावं सापडली आहेत. कुणीही पुसली नव्हती. ती यादीतच होती, फक्त दिसत नव्हती. घड्याळजी सगळ्यात खाली आहेत, त्यांच्या जागेवर.

आता बस, पाणी पी, आणि पुढचं वाच.

ती पुस्तिका मी लिहिली आहे.

गेली एकवीस वर्षं मी हेच काम करतो. प्रोग्रॅम तयार झाला की त्याच्या प्रत्येक पडद्याचं चित्र घ्यायचं, बाण काढायचे, नंबर द्यायचे, बटण, यादी, चौकट, जे दिसेल त्याचं नाव आणि काम लिहायचं. तुझं पहिलं पत्र आलं तेव्हा मला लाज वाटली. भाऊजींचा ठसका मला इथवर ऐकू आला. म्हणून कागदपत्रं लिहितो असं सांगून वेळ मारून नेली.

तुझं पत्र आज ऑफिसातच वाचलं. "सगळी जुनी" या शब्दांपाशी आलो आणि तीच ओळ पुन्हा वाचली. मग तुझं फेब्रुवारीचं पत्र आठवलं, पट्टी ठेवून आकृती जुळवल्याचं. कपाटातून पुस्तिका काढली. एकोणिसाव्या आकृतीत पाच चौकटी आहेत. चार रिकाम्या. चौथीत खूण. तिचं नाव 'चालू नोंदी दाखवा'. ती खूण केली की नाव नोंदवल्याच्या तारखेला एक वर्ष उलटलेल्या नोंदी यादीतून आणि शोधातूनही बाजूला होतात. हे मी तक्त्यात लिहिलं आहे, पण तक्ता पान उलटल्यावर येतो, आणि चित्र जुळवणाऱ्याला पान उलटायची गरजच पडत नाही.

ती खूण मी केली होती, ताई. काही कारण नव्हतं. आम्हा लोकांची एक सवय असते. निवडलेली चौकट कशी दिसते ते वाचणाऱ्याला कळावं, म्हणून चित्र घेताना एखादीत खूण करून ठेवायची. नमुन्यादाखल. चौथी का? तिच्या शेजारी बाणाला जागा होती, म्हणून. आणि माझ्या स्क्रीनवर तीनच खोटे पेशंट होते, तिघांचीही नावं मी त्याच आठवड्याच्या तारखेने घातलेली. खूण केल्यावर माझ्याकडे काहीच नाहीसं झालं नाही. मग त्यावर ते वाक्य लिहिलं, की सेटिंग्ज आकृतीप्रमाणे आहेत याची खात्री करा. नमुना आणि आज्ञा एकाच पानावर ठेवल्या. वाचणारं माणूस माझ्यावर विश्वास ठेवेल, हे मी धरलंच नव्हतं.

पत्र पोचायला चार दिवस लागतील म्हणून तिथूनच तुझ्या दवाखान्यात फोन लावला. व्यवस्थापक आले. मी कोण ते सांगितलं. ते म्हणाले, "जे काय असेल ते लेखी द्या." म्हटलं, "लेखी देतो. पण आत्ता दोन मिनिटं यादीसमोर बसा." कुरकुरत बसले.

"सेटिंग्ज उघडा. चौथ्या चौकटीत खूण आहे?"

"आहे. पुस्तकात आहे तशीच."

"ती काढा. 'जतन करा' दाबा. आता यादी उघडून तळाशी जा."

माउसचं चाक फिरल्याचा आवाज आला. बराच वेळ फिरत होतं.  मी डोळे मिटून देवाचं नाव घेत होतो, तेवढंच माझ्या हातात होतं. मग ते म्हणाले, "थांबा हं," आणि त्यांनी कुणाला तरी हाक मारली. दोन माणसं मोठ्याने मोजायला लागली. एकवीस, बावीस, तेवीस. मी म्हटलं, "घड्याळजी आहेत का बघा." ते म्हणाले, "आहेत. सगळ्यात खाली." मग अगदी वेगळ्या आवाजात म्हणाले, "अहो, त्या बाईंना आम्ही..." आणि थांबले.

मी फोन ठेवला आणि खुर्चीतच बसून राहिलो. शेजारच्याने विचारलं, "बरं वाटत नाही का?" म्हटलं, "फार बरं वाटतंय."

दोन बुबुळं गेली, तो दोष माझ्याकडे. त्याबद्दल देवाशी मी बोलेन. तू त्यातलं काही आपल्याकडे घेऊ नकोस.

उद्या माझ्या विभागप्रमुखांना सगळं सांगणार आहे. व्यवस्थापकांना कबुलीचं पत्र आजच गेलं.

टिंबू


३ एप्रिल

टिंबू,

तुझं पत्र यायच्या आधीच व्यवस्थापक घरी आले. स्वतः. तुझे भाऊजी स्वतःशीच बुद्धिबळ खेळत होते, त्यांना वाटलं वसुलीवाला आला, आणि दारातूनच घालवायला निघाले. मी बाहेर आले तर व्यवस्थापक चपला हातात घेऊन उभे. म्हणाले, "ताई, सापडले सगळे." मी विचारलं, "ते चौघं कोण?" त्यांना कळेना. म्हटलं, मला चार नावं आठवत नव्हती, ती सांगा. त्यांनी कॉम्प्युटरवाल्याला फोन लावून चार नावं वाचून घेतली. मी माझ्या कागदावर लिहिली. तेवीस झाली. मग मात्र मला रडू आलं, आणि तुझे भाऊजी व्यवस्थापकांना म्हणाले, "बसा, आता हे थोडा वेळ चालेल."

चौकशी बंद. सोमवारपासून मी टेबलावर.

आता तुझा समाचार घेते. तुला काय वाटलं, मला माहीत नव्हतं? अरे, तिसऱ्या पानावरच ओळखलं! एका वाक्यात एकच काम, कर्ता पुढे, क्रियापद मागे, आणि ते झालं की पूर्णविराम. गुरुजींनी असं लिहायला दोघांनाच शिकवलं. त्यातला एक पूर्णविराम इतका दाबून द्यायचा की कागदाला भोक पडायचं, म्हणून त्याचं नाव टिंबू पडलं. आत्याच्या पुस्तकांचा उलगडा मला त्या दिवशी झाला. म्हटलं, बघू तरी कधी कबूल करतोय! म्हणून तर तुझे भाऊजी आणि मी तुला डिवचत होतो. तू कागदपत्रं लिहितो म्हणून सांगितलंस, आणि वर त्या अनोळखी माणसाची वकिली केलीस. आम्ही दोघांनी ते पत्र तीनदा वाचलं.

आणि आता खरं ऐक. चौकशीत मला सगळं आठवत होतं. शेवटचं काय केलं ते पट्टीसकट आठवत होतं. पण आकृती जुळवली असं म्हटलं असतं, तर पुढचा प्रश्न आला असता, हे पुस्तक कुणी लिहिलं. चूक कुठे होती ते मला कळत नव्हतं. कदाचित नसेलही. पण तीन माणसं एकदा चूक शोधायला बसली की ती कुणाच्या तरी अंगाला चिकटवूनच उठतात. तुझी मुलगी अजून शिकतेय. माझं काय, दीड वर्ष. म्हणून आठवत नाही म्हटलं.

आता कळतंय, पहिल्याच दिवशी खरं बोलले असते तर त्यांनी पुस्तक उघडलं असतं, आणि कदाचित घड्याळजींचं बुबुळ गेलं नसतं. तेव्हा ते सगळं एकट्याने आपल्याकडे घेऊ नकोस. अर्धं माझं आहे. तू चौथी चौकट भरलीस, मी तोंड बंद ठेवलं.

तुझ्या ऑफिसात काय झालं ते ताबडतोब कळव. इथे माझा जीव अजून पुरता भांड्यात पडलेला नाही.

ताई


२० एप्रिल

ताई,

तुझं पत्र घरी मोठ्याने वाचलं. "अर्धं माझं आहे" इथे पत्र हिच्या हातात दिलं, पुढचं हिने वाचलं. मुलगी म्हणाली, "बाबा, आत्याने तुमच्यासाठी नोकरी पणाला लावली आणि तुम्ही तिला तुमची नोकरीसुद्धा सांगितली नव्हती?" 

आता ऑफिसचं. आमच्या विभागप्रमुख माझ्याहून अकरा वर्षांनी लहान आहेत, कामाला कडक. मी पुस्तिका त्यांच्यापुढे उघडून ठेवली आणि सगळं सांगितलं. राजीनाम्याचा कागद खिशात होता. त्यांनी ते पान बराच वेळ पाहिलं. मग शेवटचं पान उलटून स्वतःची सही दाखवली. म्हणाल्या, "हे मी तपासलंय. मलाही दिसलं नाही. आपल्याला दिसणारच नाही, आपल्याकडे सगळं नवीनच असतं." मग म्हणाल्या, "खिशात काय आहे ते खिशातच राहू द्या. फोन उचला."

हा प्रोग्रॅम अकरा दवाखान्यांत आहे. दोन दिवस आम्ही दोघं फोनवर होतो. आणखी चार ठिकाणी चौथ्या चौकटीत खूण केली गेली होती. तीन ठिकाणी कुणाच्या लक्षातही आलं नव्हतं. चौथ्या ठिकाणच्या बाई म्हणाल्या, "हो, मी काढून टाकली ती. मला वाटलं माझंच काहीतरी चुकलं असेल, म्हणून कुणाला बोलले नाही." आता चारही याद्या पूर्ण आहेत. त्या संध्याकाळी मी देवासमोर बसलो. मागायला काही नव्हतं. नुसताच बसून राहिलो.

एकोणिसावी आकृती बदलली. पाचही चौकटी रिकाम्या. निवडलेली चौकट कशी दिसते त्याचं वेगळं छोटं चित्र केलं, आणि ते वाक्य काढून टाकलं. आणि एक नवी रीत सुरू होणार आहे. पुस्तिका छापायच्या आधी ज्याला ती वापरायची आहे त्याच्यासमोर एक दिवस ठेवायची. लिहिणाऱ्याने मागे बसायचं, बोलायचं नाही. वाचणाऱ्याचा हात जिथे थबकेल तेवढंच टिपायचं. विभागप्रमुखांनी विचारलं, पहिलं कुणाकडे जाऊ या? मी म्हटलं, एक आज्ञाधारक विद्यार्थिनी माहीत आहे.

येशील ना? म्हणजे मीच येईन. तू फक्त बसायचं आहेस.

टिंबू


१४ सप्टेंबर

टिंबू,

ऑगस्टात तू वही घेऊन दिवसभर माझ्या पाठीमागे बसलास आणि चकार शब्द बोलला नाहीस. हे गुरुजींनाही जमलं नसतं. माझा हात अठ्ठावीस वेळा थबकला म्हणे. मला वाटलं तीनदाच. तू गेल्यावर तुझे भाऊजी म्हणाले, "तीस वर्षं मी हिच्या मागे गप्प बसलोय, मला कुणी वही दिली नाही."

आज लिहायचं कारण वेगळं. घड्याळजी आले होते.

मे महिन्यात त्यांच्या उजव्या डोळ्याचं झालं, ते तुला कळवलंच होतं. गेल्या आठवड्यात चष्मा मिळाला. आज सोमवार नाही, पहिला तर नाहीच नाही. तरी आले. मुलगी दोन पावलं मागे, आणि हे एकटेच पुढे, काठीशिवाय. सवयीने माझ्यासमोरच्या खुर्चीत बसले. विचारायला प्रश्नच उरला नव्हता.

मार्चात मी त्यांना मशीन हळू चाललंय म्हणाले होते, ते खोटं होतं, हे मी आज सांगून टाकलं. त्यांची पाळी कशी हुकली तेही सांगितलं. तुझी खूण, माझं गप्प बसणं, सगळं. त्यांनी ऐकून घेतलं. म्हणाले, "ताई, मी चाळीस वर्षं घड्याळं उघडली. बंद पडलेल्या घड्याळात बहुतेक वेळा काहीच मोडलेलं नसतं. कुठेतरी एक कण अडकलेला असतो." मग टेबलावरची नवी पुस्तिका दिसली. "हीच का ती? बघू?"

मी त्यांच्या हातात दिली. त्यांनी ती डोळ्यांजवळ धरली, लांब केली, पुन्हा जवळ आणली. पानं उलटली. तिसऱ्या पानावर थांबले. आणि शाळेतल्या मुलासारखं एकेका शब्दावर बोट ठेवून मोठ्याने वाचलं :

"'बंद करा' हे बटण दाबले असता खिडकी बंद होते."

मी तोंडाला पदर लावला. पण ते हसले नाहीत. म्हणाले, "किती सरळ लिहिलंय." मग माझ्या स्क्रीनकडे बघून म्हणाले, "दाबू का?"

म्हटलं, दाबा.

त्यांनी माउस धरला, कोपऱ्यातलं बटण स्वतःच्या डोळ्याने शोधलं आणि दाबलं.

"झाली बंद," घड्याळजी म्हणाले, आणि माझ्याकडे असे बघायला लागले, जसं काही ती त्यांनीच दुरुस्त केली होती.

तुझी ताई